नकार नेमका कोणाचा? ब्रिस्टलच्या बसचं प्रकरण, 1963

1963 च्या एप्रिलमध्ये ब्रिस्टल शहरातल्या बस कंपनीत एका मुलाखतीची वेळ ठरली. उमेदवाराचं नाव गाय बेली. वय अठरा, जन्म जमैकाचा, नोकरी गोदामात, संध्याकाळी रात्रशाळा. शिवाय चर्चशी जोडलेल्या बॉइज ब्रिगेड या मुलांच्या संघटनेत तो अधिकारी होता. कंडक्टरच्या कामाला लागतं ते सगळं त्याच्याकडे होतं आणि कंपनीला माणसं हवीच होती. उमेदवार वेस्ट इंडियन आहे हे कंपनीला कळलं आणि मुलाखत रद्द झाली.

घडलं ते एवढंच. मारहाण झाली नाही, कोणी शिवी दिली नाही, घराची काचही फुटली नाही. वर्णद्वेष म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दंगल किंवा जळता क्रॉस उभा राहतो. मला हे प्रकरण अभ्यासावंसं वाटतं ते नेमकं त्यात असं काही नाही म्हणून. इथला द्वेष कार्यालयीन वेळेत, नीट कपडे घालून, नम्र आवाजात काम करत होता. आणि विचारायला गेलं की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगारांची चणचण होती. 1948 च्या नागरिकत्व कायद्याने वसाहतींतल्या लोकांना ब्रिटनमध्ये राहण्याचा आणि काम करण्याचा पूर्ण हक्क दिला. त्याच वर्षी जूनमध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांवरचे प्रवासी घेऊन टिलबरी बंदराला लागलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत ब्रिस्टलमध्ये वेस्ट इंडियन वस्ती साधारण तीन हजारांवर गेली. त्यांतले काहीजण महायुद्धात ब्रिटिश सैन्यात लढलेले होते. त्यांची बरीचशी वस्ती सेंट पॉल्स भागात, कारण इतरत्र घरमालक दार लावून घेत.

ब्रिस्टल काही काळ्या माणसाला नव्याने ओळखत नव्हतं. अठराव्या शतकात आफ्रिकेतून गुलाम नेणारी जहाजं ज्या इंग्लिश बंदरांतून सुटत, त्यांत या शहराचं नाव वरचं होतं. काळ्या माणसाच्या श्रमावर तिथे वाडे उठले. पण तो श्रम समुद्रापार होत होता. आता तोच माणूस आपल्याच बसमध्ये तिकिटं फाडायला येणार म्हटल्यावर शहराची पंचाईत झाली.

ब्रिस्टल ऑम्निबस ही कंपनी 1950 पासून राष्ट्रीयीकृत होती. म्हणजे हा खाजगी मालकाचा लहरीपणा नव्हता. ती सरकारी मालकीची कंपनी होती आणि शहराच्या बससेवेत नगरपालिकेचाही वाटा होता. काळी माणसं या कंपनीत नव्हतीच असंही नाही. वर्कशॉपमध्ये आणि कॅंटीनमध्ये ती होती. बंदी होती ती फक्त बसवर, म्हणजे चालक आणि कंडक्टरच्या जागांवर. प्रवाशाच्या नजरेआड काम करा, पैसे घ्यायला त्याच्यासमोर उभे राहू नका. इंग्रजीत याला ‘कलर बार’ म्हणत, रंगाचा अडसर. नियमपुस्तकात तो कुठेच लिहिलेला नव्हता, पण सगळ्या शहराला पाठ होता.

टोलवाटोलवी

हा अडसर घातला कोणी? या प्रकरणाची सगळी गाठ इथेच आहे.

1955 मध्ये ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियनच्या ब्रिस्टलमधल्या बस कामगारांच्या गटाने एक ठराव केला होता : बसच्या कर्मचाऱ्यांत काळी माणसं नकोत. म्हणजे अडसर कामगारांनी घातला? पण भरती तर कंपनी करत होती. 1961 मध्ये ‘ब्रिस्टल ईव्हनिंग पोस्ट’ या स्थानिक वृत्तपत्राने हे सगळं छापलं, तेव्हा युनियनने कानावर हात ठेवले. कंपनीचे महाव्यवस्थापक इयन पेटी यांनी मात्र धोरणाची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं असं की काळ्या लोकांना घेतलं तर गोरे कामगार हळूहळू निघून जातील. पुरावा म्हणून ते लंडनकडे बोट दाखवत. तिथल्या वाहतूक मंडळाने 1956 पासून थेट बार्बाडोसमधून माणसं आणली होती.

नगरपालिकेत बहुमत मजूर पक्षाचं, कामगारांचा म्हणवणाऱ्या पक्षाचं. पालिकेने ऐकून घेतलं आणि विषय तिथेच राहू दिला.

तर चित्र असं होतं. कंपनी म्हणते, आम्हाला काही हरकत नाही हो, पण आमचे कामगार ऐकणार नाहीत. युनियन म्हणते, आम्ही तर वर्णभेदाच्या विरोधातच आहोत, भरती कंपनी करते. पालिका म्हणते, हा कंपनी आणि युनियन यांच्यातला प्रश्न. कोणाच्याही मनात स्वतःचा म्हणून द्वेष नाही. प्रत्येकजण शेजाऱ्याचा द्वेष सांभाळतोय. ‘माझं काही नाही, पण लोक काय म्हणतील’ हे वाक्य किती कामं उरकतं ते पाहायचं असेल तर या कंपनीचा कारभार पाहावा.

पगाराची भीती

गोऱ्या बस कामगारांना निव्वळ दुष्ट ठरवून पुढे जाणं सोपं आहे. पण त्यांची भीती समजून घेतली नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

बसवाल्यांचा मूळ पगार कमी होता. घर चालायचं ते ओव्हरटाइमवर. आणि ओव्हरटाइम मिळायचा कारण माणसं कमी होती. म्हणजे जागा रिकाम्या राहणं हीच कामगारांची वरकमाई होती. जागा भरल्या की जादा तास गेले, जादा तास गेले की महिन्याचं गणित कोसळलं. ही भीती काल्पनिक नव्हती.

पण रिकामी जागा भरणारा गोरा असला तरी ओव्हरटाइम तेवढाच कमी होणार होता. मग 1955 चा ठराव ‘नवी भरती नको’ असा का नव्हता? ‘मूळ पगार वाढवा’ असा का नव्हता? तशी मागणी केली असती तर ती कंपनीविरुद्ध गेली असती, लढावं लागलं असतं, संपाची पाळी आली असती. त्यापेक्षा ज्याला सभेत मत नाही, ज्याच्या बाजूने कायदा नाही अशा माणसाविरुद्ध ठराव करणं स्वस्तात पडत होतं. खिशाची चिंता खरी होती. तिने राग काढायला जागा मात्र सोयीची निवडली. कंपनीलाही हे गैरसोयीचं नव्हतं. कामगार रंगावरून वाद घालताहेत तोवर मूळ पगारावरून घालत नाहीत.

नकार नोंदवून घेणं

या टोलवाटोलवीला कंटाळलेल्या काही वेस्ट इंडियन माणसांनी 1963 मध्ये वेस्ट इंडियन डेव्हलपमेंट काउन्सिल काढली. रॉय हॅकेट, ओवेन हेन्री, ऑडली एव्हान्स आणि प्रिन्स ब्राउन हे त्यातले प्रमुख. हॅकेट यांच्या पत्नीलाही कंडक्टरचं काम नाकारलं गेलं होतं. समाजात मान्यता असलेल्या जुन्या संघटना फार हळू चालतात, असं या मंडळींचं मत होतं.

बोलायला त्यांना पॉल स्टीफन्सन मिळाला. पंचविशीतला हा तरुण शहराचा पहिला काळा युवक अधिकारी. वडील पश्चिम आफ्रिकेचे, आई ब्रिटिश, जन्म एसेक्समधला, नोकरी केलेली हवाई दलात. ‘परत आपल्या देशात जा’ असं त्याला सांगायचं तर कोणत्या देशात हा प्रश्न होता. अमेरिकेत 1955 मध्ये रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर माँटगोमेरीत झालेला बसबहिष्कार त्याच्या डोळ्यांसमोर होता. तिथे प्रश्न बसमध्ये बसायचं कुठे हा होता. इथे बसायला मनाई नव्हती, मनाई चालवायला होती.

स्टीफन्सनने जी युक्ती केली ती पुढे जगभर भेदभावाच्या चौकशीत वापरली गेली. नाकारायला एकही रास्त कारण नाही असा उमेदवार त्याने शोधला, त्याची मुलाखत ठरवली, आणि रंग सोडून सगळी कारणं संपवून टाकली. तोपर्यंत नकार ही हवेतली गोष्ट होती. ‘तुमचा गैरसमज झाला असेल’, ‘जागा गेली असेल’ असं म्हणून झटकता येत होती. बेलीची मुलाखत रद्द झाली आणि नकाराला तारीख मिळाली, नाव मिळालं, कारण मिळालं. मला विचाराल तर या प्रकरणातलं निर्णायक काम बहिष्काराचं नाही, या एका रद्द झालेल्या मुलाखतीचं आहे. अठरा वर्षांच्या मुलाला अपमान होणार हे ठाऊक असताना पुढे करणं योग्य होतं का, हा प्रश्न मात्र मनात राहतो.

बहिष्कार

29 एप्रिलला पत्रकार परिषद झाली आणि दुसऱ्या दिवसापासून बहिष्कार सुरू झाला. मराठीत ‘बहिष्कार’ म्हटलं की आधी वाळीत टाकणं आठवतं, वरच्यांनी खालच्याला टाकणं. इथे वाळीत पडलेल्यांनीच बसला वाळीत टाकलं. शहराच्या मानाने तीन हजारांची वस्ती ती किती! कंपनीच्या गल्ल्यात तेवढ्याने खड्डा पडणार नव्हता, आणि हे आयोजकांनाही कळत असणार. हा मार पैशाचा नव्हता, लाजेचा होता. वृत्तपत्रांनी पेटी यांना गाठलं, आणि इतकी वर्षं आडवळणाने बोललं जाणारं धोरण त्यांनी उघडपणे समर्थनासह मांडलं. रंगाचा अडसर आहे हे आता कंपनीच सांगत होती.

1 मे रोजी ब्रिस्टल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बस स्थानकावर आणि युनियनच्या कार्यालयावर मोर्चा नेला. वाटेत बस कर्मचाऱ्यांनी त्यांची हुर्यो उडवली. हॅकेट आणि त्यांच्या सोबत्यांनी फिशपॉन्ड्स रस्त्यावर उभं राहून शहरात येणाऱ्या बस अडवल्या.

याच दिवसांत काउन्सिलने सेंट मेरी रेडक्लिफ या चर्चपर्यंत मोर्चा काढला, तेव्हा माणसं फार थोडी जमली. लढ्याच्या आठवणी सांगताना हे वाक्य सहसा गाळलं जातं. मला ते महत्त्वाचं वाटतं. ज्याची नोकरी आधीच लटकती आहे तो मोर्चात चेहरा दाखवताना दहादा विचार करतो. गर्दी कमी म्हणजे पाठिंबा कमी असा हिशेब बाहेरच्यांनी मांडू नये.

‘पद्धत चुकली’

बहिष्काराला उघड वर्णद्वेष्ट्यांनी केलेला विरोध अपेक्षित होता, त्यावर शब्द खर्च करत नाही. अवघड होते ते मित्र.

ब्रिस्टलच्या चर्च परिषदेने मध्यस्थी करू पाहिली आणि तसं करताना खेद व्यक्त केला. कशाचा? तर प्रतिनिधित्व नसलेल्या मूठभर वेस्ट इंडियनांनी मुद्दाम वांशिक संघर्ष निर्माण केल्याचा. म्हणजे आठ वर्षांचा ठराव हा संघर्ष नव्हता, त्यावर बोलणं हा संघर्ष झाला. युनियनचे प्रादेशिक सचिव रॉन नेदरकॉट यांनी एका दैनिकातून स्टीफन्सनवर वैयक्तिक हल्ला चढवला आणि त्याला बेजबाबदार, अप्रामाणिक ठरवलं. युनियनच्या एका काळ्या सभासदाच्या सहीचं, शांतपणे वाटाघाटी करा असं सांगणारं निवेदनही पुढे आलं. पुढे स्टीफन्सनने नेदरकॉट यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो जिंकला. भरपाई मिळाली, खर्चही मिळाला.

नगरपालिकेतले एक ज्येष्ठ सदस्य, हेन्री हेनेसी, कंपनी आणि युनियन यांचं या बाबतीत संगनमत दिसतं असं बोलून गेले. चाळीस वर्षांहून जास्त काळ सेवा केलेला हा माणूस, पण मजूर पक्षाच्या गटाने त्यांनाच हाकलून देण्याची धमकी दिली. अडसर घालणाऱ्याला कोणी धमकावलं नाही, अडसर आहे म्हणणाऱ्याला धमकावलं.

पक्षाच्या वरच्या पायरीवर मात्र सूर वेगळा होता. ब्रिस्टलचे नेते टोनी बेन यांनी मजूर पक्षाचे तेव्हाचे प्रमुख हॅरल्ड विल्सन यांच्या कानावर गोष्ट घातली, आणि विल्सन यांनी लंडनमध्ये वर्णभेदविरोधी सभेत या बंदीचा जाहीर निषेध केला. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध मुठी आवळणारे आणि ब्रिस्टलच्या बसबद्दल गप्प असणारे यांच्यातली दरी त्यामुळे लपेनाशी झाली.

कॉन्स्टन्टाइन

क्रिकेटवेड्या वाचकाला लिअरी कॉन्स्टन्टाइन हे नाव नवं नसेल. वेस्ट इंडीजचा झंझावाती अष्टपैलू. 1963 मध्ये तो लंडनमध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगोचा उच्चायुक्त होता.

1943 मध्ये, लॉर्ड्सवर सामना खेळायला लंडनला आलेल्या कॉन्स्टन्टाइनला इम्पीरियल हॉटेलने कुटुंबासह ठेवून घ्यायचं नाकारलं होतं. कारण काय, तर तिथे उतरलेल्या गोऱ्या अमेरिकन सैनिकांना चालणार नाही. पुन्हा तेच : आम्हाला काही नाही, आमच्या गिऱ्हाइकाला. त्याने खटला भरला आणि 1944 मध्ये जिंकला. नुकसानभरपाई पाच गिनी, म्हणजे सव्वापाच पौंड. पण निकालाचा आधार पाहण्यासारखा आहे. वर्णभेदाविरुद्ध इंग्लंडात कायदाच नव्हता. सराईवाल्याने आलेल्या प्रवाशाला रास्त कारणाशिवाय परत पाठवू नये, असा एक जुना दंडक होता. कॉन्स्टन्टाइन जिंकला तो प्रवासी म्हणून. काळा माणूस म्हणून झालेला अपमान मोजायला न्यायालयाकडे मापच नव्हतं. वीस वर्षांनी बेलीकडे तेवढाही आधार नव्हता. तो प्रवासी नव्हता, नोकरी मागत होता, आणि रंगावरून नोकरी नाकारणं 1963 च्या ब्रिटनमध्ये पूर्ण कायदेशीर होतं.

योगायोग असा की मेच्या पहिल्या आठवड्यात वेस्ट इंडीजचा दौऱ्यावरचा संघ ब्रिस्टलमध्येच ग्लॉस्टरशायरविरुद्ध खेळत होता. खेळ आणि राजकारण यांची सरमिसळ नको म्हणून संघाने बहिष्काराला जाहीर पाठिंबा दिला नाही. कॉन्स्टन्टाइन सामन्याच्या निमित्ताने आला आणि बोलला. तो महापौरांना भेटला, युनियनचे राष्ट्रीय नेते फ्रँक कझिन्स यांना भेटला, आणि कंपनीची वरची मालकी असलेल्या ट्रान्सपोर्ट होल्डिंग कंपनीलाही वाटाघाटीत उतरायला लावलं. त्याच्या स्वतःच्या सरकारला ही उडी रुचली नाही. पुढच्या वर्षी त्याने उच्चायुक्तपद सोडलं.

टोलवाटोलवी थांबली ती इथे. खालच्या तिघांना एकमेकांकडे बोट दाखवता येत होतं. प्रत्येकाच्या डोक्यावरचा माणूस खोलीत आला तेव्हा बोट दाखवायला दिशा उरली नाही.

निर्णय

उन्हाळाभर बोलणी चालली. 27 ऑगस्टला बस कामगारांची सभा झाली, पाचशे माणसं होती. सभेने रंगाचा अडसर काढायला मान्यता दिली. 28 ऑगस्टला पेटी यांनी तशी घोषणा केली. त्याच दिवशी अटलांटिकपलीकडे वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं. या योगायोगाचं कौतुक बरंच होतं. मला त्यापेक्षा आदल्या दिवशीची ती सभा जास्त बोलकी वाटते. आठ वर्षांपूर्वीचा ठराव याच युनियनच्या बस कामगारांनी केला होता. एवढ्यात त्यांची मनं बदलली असं समजायला आधार नाही. बदलली ती किंमत. आधी बंदीची किंमत शून्य होती. आता संघटनेची अब्रू, राष्ट्रीय नेत्यांची नाराजी आणि रोजचे मथळे ही किंमत होती. माणसांची मनं आधी बदला, मग नियम आपोआप बदलतील असं सांगणाऱ्यांना ब्रिस्टलमध्ये उलटा क्रम दिसेल.

17 सप्टेंबरला शहराला पहिला गौरेतर बस कंडक्टर मिळाला. तो जमैकाचा नव्हता. त्याचं नाव रघबीर सिंग, शीख. काही दिवसांनी दोन जमैकन आणि दोन पाकिस्तानी रुजू झाले. लढले वेस्ट इंडियन, आणि दारातून पहिलं पाऊल टाकलं एका पंजाब्याने. यात कोणाला गंमत वाटेल, कोणाला अन्याय. मला वाटतं, दार रंगावरून बंद होतं, बेटावरून नव्हे, एवढाच त्याचा अर्थ.

न सुटलेलं

रंगाचा अडसर गेला म्हणून वेगळेपणाचा तिटकारा गेला नाही. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये 1967 साली एक शीख बस चालक आजारपणाच्या रजेनंतर दाढी आणि पगडीसह कामावर आला, आणि गणवेशाच्या नियमावर बोट ठेवून त्याला घरी पाठवलं गेलं. तो वाद 1969 च्या एप्रिलपर्यंत चालला. तुला घेतो, पण आमच्यासारखा दिसून ये, असा हा पुढचा अडसर.

कायदाही रखडतच आला. विल्सन पंतप्रधान झाल्यावर 1965 मध्ये पहिला वंशसंबंध कायदा झाला. त्याने हॉटेलं, उपाहारगृहं, दारूचे गुत्ते, सार्वजनिक वाहनं अशा ठिकाणचा भेदभाव बेकायदा ठरवला, पण नोकरी आणि घर वगळलं. म्हणजे ब्रिस्टलच्या बसमध्ये प्रवासी म्हणून काळ्या माणसाला संरक्षण मिळालं, कंडक्टर म्हणून नाही. गाय बेलीच्या बाबतीत जे झालं ते बेकायदा ठरायला 1968 चा दुसरा कायदा यावा लागला.

2009 मध्ये स्टीफन्सन, हॅकेट आणि बेली या तिघांना राणीकडून ‘ओबीई’ हा सन्मान मिळाला. युनियन दरम्यान दुसऱ्या संघटनेत विलीन होऊन ‘युनाइट’ झाली होती. फेब्रुवारी 2013 मध्ये, बहिष्काराला पन्नास वर्षं होत आली तेव्हा, युनाइटने 1963 मधल्या आपल्या भूमिकेबद्दल जाहीर माफी मागितली. 1961 मध्ये वृत्तपत्राने विचारलं होतं तेव्हा याच संघटनेने असा काही अडसर असल्याचं नाकारलं होतं.